अंगावर न येणारं घर

माझा मावसभाऊ म्हापशाजवळ एका चार मजली इमारतीत सगळ्यात वरच्या फ्लॅटात राहतो. गच्ची गळते म्हणून सोसायटीने वर पत्रे घातलेत. जूनमध्ये पावसाने जोर धरला की त्या पत्र्यांवर जो ताशा सुरू होतो, तो ऐकला की हा ३६ वर्षांचा माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो, गाडीची किल्ली घेतो, खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, जातो आणि उभ्या गाडीत काचा वर करून बसून राहतो. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. मावशीला वाटायचं, स्वभावच तिरसट. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं, तेव्हा त्या गाडीचा अर्थ लागला. सबंध घरात त्याला सोसवेल अशी जागाच नव्हती. ती त्याने गाडीत शोधली होती.

२०२३च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंग व्यक्तींचा महोत्सव, भरला. तेव्हापासून गोव्यात अपंगत्वाबद्दल उघड बोललं जाऊ लागलं आणि त्याबरोबर एक शब्द घरोघरी आला: सेन्सरी-फ्रेंडली. लगेच इंटीरियरवाल्यांच्या जाहिरातीतही तो शिरला. फिकट बदामी भिंती, एक गोल आरसा, एक कुंडी, झालं सेन्सरी-फ्रेंडली! प्रत्यक्षात त्याचा अर्थ साधा आहे: डोळे, कान, नाक, त्वचा यांना सोसवेल अशी जागा. कुणाच्या डोळ्यांना आणि कुणाच्या कानांना, हा पहिला प्रश्न. रंग कुठला, हा खूप नंतरचा.

फेरीबोट आणि साखळी

पणजी ते बेतीची फेरीबोट आठवा. धक्क्यावर एक माणूस उभा असतो. तो कुणाला आत घ्यायचं, कुणाला थांबवायचं ते बघतो आणि बोट भरली की साखळी ओढतो. आपल्या मेंदूतही असं काम चालतं. पंख्याचा आवाज, कॉलरची टोचणी, शेजारच्या फोडणीचा वास हे सगळं सतत येत असतं, पण बहुतेकांचा मेंदू त्यातलं बरंचसं धक्क्यावरच थांबवतो. म्हणून हे वाचताना तुम्हाला तुमच्या पायातल्या चपलेची जाणीव नव्हती. आता झाली.

काहींच्या धक्क्यावरचा माणूस कुणालाच थांबवत नाही. स्कूटर, टेम्पो, सायकल, सगळे आत. बोट लवकर भरते आणि मग शेवटी चढलेल्या एका सायकलीने ती कलंडते. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा सायकलीने काय होतं? कुकरच्या एका शिट्टीवर माणूस ओरडतो तेव्हा घरच्यांना हेच वाटतं. ती शिट्टी शेवटची असते. सकाळपासूनचा ट्यूबचा उजेड, फिनेलचा वास आणि टीव्ही आधीच बोटीत बसलेले असतात.

याच्या उलटही असतं. काहींच्या बोटीत फारच कमी चढतं आणि त्यांना जोरदार संगीत, तिखट चव, सततची हालचाल हवी असते. एकाच माणसाचे कान नाजूक आणि त्वचा बथ्थड, असंही होतं. ऑटिझमच्या वैद्यकीय निकषांत २०१३ साली ही गोष्ट रीतसर आली. पण ती ऑटिझमपुरती नाही. अर्धशिशीवाल्याला उजेड खुपतो, कानाचं यंत्र लावणाऱ्या आजोबांना भांड्यांचा आवाज टोचतो, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं, असलेल्याला शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकताना हातातलं काम करता येत नाही.

आणखी एक. इंद्रियं पाच, असं शाळेत शिकवलं. या विषयात आणखी तीन धरतात: तोलाची जाणीव, आपले हातपाय कुठे आहेत याची जाणीव, आणि भूक-तहान-धडधड अशी शरीराच्या आतली जाणीव. पहिल्या दोन घरात फार उपयोगी पडतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

आवाज: अडवणं वेगळं, पिणं वेगळं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

आवाज दोन तऱ्हेने छळतो. एक, बाहेरून आत येतो. दोन, आतला आवाज आतच घुमत राहतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती हे काम न बोलता करायच्या. आजच्या फ्लॅटातली चार इंची विटांची आतली भिंत ते करू शकत नाही. पण भिंतीपेक्षाही मोठी चोरवाट म्हणजे फट. आवाज पाण्यासारखा असतो, बोटभर फटीतून खोली भरतो. पूर्वी दाराला उंबरठा असायचा. आता फरशी या खोलीतून त्या खोलीत सलग जाते आणि दाराखाली अर्धा इंच मोकळा राहतो. तिथे रबराची पट्टी लावली तर बसायच्या खोलीतला टीव्ही झोपायच्या खोलीत निम्म्याने विरतो, हे मी स्वतः अनुभवलंय. खर्च एका हॉटेलातल्या थाळीएवढा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्याही अशाच फटींनी भरलेल्या असतात. झडपेची खिडकी घट्ट बसते. खिडकी बदलायचीच असेल तर एवढं लक्षात ठेवा.

आतला घुमणारा आवाज कमी करायला तो पिणारं काहीतरी मऊ लागतं. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळत नव्हतं, कारण एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे काम दिलं. तो रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या वाढवत मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत परत ठेवायचा. इमारतींच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात या गाद्यांच्या ने-आणीतून झाली.

आता आपला फ्लॅट बघा. चकचकीत फरशी, उघड्या भिंती, काचेचं टेबल. एकही गादी नाही! चमचा पडला तर घंटा वाजते. सतरंजी, कापडी पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट, भिंतीवर टांगलेली जुनी गोधडी हे सगळं आवाज पितं. मात्र अंड्याच्या खोक्यासारखे काळे फोम भिंतीला चिकटवून शेजाऱ्याचा स्पीकर थांबेल अशी आशा धरू नका. फोम पिणारा आहे, अडवणारा नाही. ऑनलाइन दुकानं हा फरक सांगत नाहीत.

डेसिबलचं गणितही फसवं असतं. निवासी भागासाठी केंद्राच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फरक फक्त दहाचा दिसतो, पण दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. मिक्सर ८०च्या वर जातो. त्याच्याखाली चौपदरी कापडाची घडी ठेवा, ओट्याची थरथर तरी थांबेल.

शांतता हवी की ताबा?

इथे मला या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या सुमारास एक प्रयोग केला. लोकांना कर्कश, अवेळी येणारा आवाज ऐकवत काम करायला लावलं. त्यातल्या काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा, पण न दाबलंत तर बरं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी नंतरच्या कामात बटणवाले पुढे राहिले. आवाज दोघांना सारखाच होता. फरक फक्त इतकाच की एकाला तो थांबवता आला असता.

मावसभावाची गाडी म्हणजे त्याचं बटण. म्हणूनच घर निःशब्द करायच्या मागे लागू नका. गोव्यात ते होणारही नाही. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येणार, गणेशचवथीला घुमट हे मातीचं वाद्य घुमणार, दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री काय होतं ते सांगायलाच नको. मिक्सर लावण्याआधी "लावते हां" असं म्हणणं आणि समोरच्याला उठून जायला अर्धं मिनिट देणं, हा मला हजारो रुपयांच्या फोमपेक्षा चांगला उपाय वाटतो.

उजेड

बाजारातले बहुतेक एलईडी दिवे खोक्यावर '६५०० के' लिहिलेले, म्हणजे भर दुपारच्या निळसर उजेडाचे असतात. संध्याकाळनंतर '२७००' किंवा '३०००' लिहिलेला पिवळसर दिवा लावून बघा. छतावर मध्यभागी एकच भगभगीत दिवा असण्यापेक्षा खाली, कोपऱ्यात, दोन-तीन मंद दिवे बरे, आणि प्रत्येकाचं बटण वेगळं.

दुसरी अडचण लुकलुकण्याची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. स्वस्तातले काही एलईडीही तसेच. बहुतेकांना दिसत नाही, काहींचं डोकं दुखतं. मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदला.

आणि एक चूक घरोघरी दिसते: दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर. सगळ्या खोलीभर सावल्या फिरत राहतात. घरातल्या चार माणसांना त्याचं काही वाटत नाही, पाचवा उठून जातो आणि का गेला ते त्यालाही सांगता येत नाही. दिवा भिंतीवर, पात्यांच्या खाली आणा.

जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या असत. त्यातून दुधाळ, गाळलेला उजेड यायचा. ती खिडकी आज परवडत नाही, पण खिडकीला पांढरा पातळ सुती पडदा तेच काम बऱ्यापैकी करतो.

वास, ओल आणि फसणारा सल्ला

इंटरनेटवरचा या विषयातला बहुतेक सल्ला थंड, कोरड्या देशांतला. जाड गालिचा घाला, मखमली पडदे लावा, खिडक्या बंद ठेवा, भरपूर उशा ठेवा. गोव्यात हे जसंच्या तसं केलंत तर ऑगस्टपर्यंत गालिच्याला बुरशी धरते. मग आवाजापासून वाचवायला आणलेली वस्तूच नाकावर हल्ला करते. ज्याचं नाक तीक्ष्ण आहे त्याला कुबट वासाच्या खोलीत झोप येत नाही, आणि तो वास झाकायला लावलेल्या अगरबत्तीने तर डोकंच उठतं.

म्हणून आपल्याकडे नियम असा: मऊ हवं, पण धुता येईल आणि एका दिवसात वाळेल असं. जाड गालिच्याऐवजी दोन पातळ सुती सतरंज्या, एक अंथरलेली आणि एक वाळत. पावसाळ्यात पडदे निम्मे काढून ठेवा. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पैसे एकाच यंत्रावर खर्च करायचे असतील तर ते हवेतली ओल ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरवर करा, पण आधी दुकानात तो चालू करून त्याचा आवाज ऐका.

डांबराच्या गोळ्या, फिनेल, रूम फ्रेशनर हे तिन्ही मी आधी घराबाहेर काढीन. स्वच्छतेला वास असावाच लागतो, हा आपला एक लाडका गैरसमज आहे. मासे तळणं मात्र बंद करायला सांगणार नाही. गोव्यात राहून कुणाला तसं सांगण्याइतका धीट मी नाही. स्वयंपाकघराचं दार लोटा, एक्झॉस्ट फॅन बांगडा तव्यावर पडायच्या आधी लावा, नंतर नव्हे.

झोपाळा, गोधडी, बाल्कांव

मघाशी तोलाची आणि हातापायांची जाणीव म्हटलं होतं. संथ, एका लयीत झुलल्याने अनेकांचं अंग सैलावतं. परदेशात यासाठी खास झुले विकतात. आपल्याकडे सोप्यावर झोपाळा होताच. अंगावर सारखं पडणारं वजनही शांत करतं. म्हणून 'वेटेड ब्लँकेट' नावाचं जड पांघरूण मिळतं, पण ते आपल्या उकाड्यात नकोसं होतं. आजीची जाड गोधडी चौपदरी करून फक्त मांड्यांवर घेतली तरी पुष्कळांना पुरतं. श्वासाचा त्रास असलेल्याने, किंवा स्वतःहून बाजूला सारता येणार नाही अशा माणसाने, जड पांघरूण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कैरोतल्या वास्तुविशारद मगदा मुस्तफा यांनी ऑटिझम असलेल्यांसाठीच्या इमारतींच्या सात कसोट्या मांडल्या आहेत. त्यातली एक आहे मधली जागा: बाहेरच्या गोंगाटातून थेट आत न येता इंद्रियांना रुळायला मिळणारा टप्पा. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. जुन्या गोमंतकीय घराचं बाल्कांव म्हणजे दुसरं काय? रस्ता आणि घर यांच्यामध्ये दोन बाकं आणि सावली. 'सुशेगाद' हा शब्दही ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ शांत, निवांत असाच. फ्लॅटमध्ये बाल्कांव नसतं, पण दारातून आत आल्यावर एक खुर्ची, मंद दिवा आणि 'आल्या आल्या प्रश्न विचारायचे नाहीत' एवढा करार तर होऊ शकतो.

मुस्तफांची दुसरी कसोटी आसऱ्याची. प्रत्येक घरात एक कोपरा असा हवा जिथे गेलेल्याला कुणी हाक मारत नाही. वेगळी खोली नसली तर कपाटाच्या आडोशाला एक गादी, भिंतीकडे पाठ होईल अशी, आणि वर पडदा. पाठीमागून कुणी येणार नाही ही खात्री हाच त्या कोपऱ्याचा अर्धा गुण.

हे नखरे नाहीत कशावरून?

हा प्रश्न हमखास येतो, बहुतेकदा घरातल्या थोरल्यांकडून. "आम्ही एका खोलीत नऊ जण राहिलो, आम्हाला नाही कधी झालं." झालं असेलही. प्रत्येक गावात एक काका असायचेच जे लग्नात पंगत सोडून माडाखाली जाऊन बसायचे. त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचे आणि सोडून द्यायचे, आणि बसायला माड तरी होते. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे, त्यात ऑटिझम आहे. नखऱ्यांचा कायदा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: इतकं जपलं तर माणूस आणखी नाजूक होणार नाही का? यात तथ्य आहे. साध्या घरगुती आवाजातही दिवसभर कानात बोळे घातले तर कान आणखी हळवे होऊ शकतात, असं कानाचे तज्ज्ञही बजावतात. पण म्हणून सगळा दिवस ढणढणाटात बसवणं हा सराव नव्हे. ज्याला परत यायला शांत कोपरा आहे तोच चवथीच्या आरतीला वीस मिनिटं उभा राहू शकतो. नक्की किती आणि कसं वाढवायचं हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारावं, म्हणजे रोजच्या जगण्यातल्या कामांसाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाला. ते फक्त मुलांसाठी असतात असं समजू नका.

तिसरा आक्षेप भाड्याच्या घराचा. इथे लिहिलेल्या बहुतेक गोष्टींना खिळा लागत नाही. सुरुवात खर्चाने करूही नका. आठवडाभर एका वहीत फक्त लिहा: केव्हा चिडचिड झाली, त्याआधीच्या तासाभरात कुठला आवाज, उजेड, वास होता. मावशीच्या वहीत चौथ्या दिवशी इन्व्हर्टरची बारीक शिट्टी सापडली. ती घरात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हती. इन्व्हर्टर बाल्कनीत गेला.

एका घरात दोन तऱ्हेची माणसं असली, एकाला रेडिओ हवा आणि दुसऱ्याला नको, तर मात्र सोपं उत्तर नाही. हेडफोन, वेळा, खोल्या वाटून घ्यायच्या आणि रोज थोडं भांडायचं.

दाराबाहेरचा आवाज

घर कितीही सावरलं तरी रस्त्यावरचा स्पीकर आपल्या हातात नाही. तिथे नियम स्पष्ट आहे: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, त्याहून पुढे नाही. तक्रार ११२ वर करता येते. दर वेळी पोलीस येतातच असं म्हणणार नाही. आधी आयोजकांशी बोललं तर काही ठिकाणी स्पीकरचं तोंड फिरवून मिळतं, आणि कार्यक्रम कधी सुरू होणार, कधी संपणार एवढं कळतं. संपायची वेळ कळली की बराच भार उतरतो.

मावसभावाच्या पत्र्यांचं काही झालेलं नाही. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला, पत्र्याला आतून फोम लावायचा खर्च ऐकून बुडाला. पलंग आतल्या खोलीत हलवला, दाराखाली पट्टी आली, एक संथ पंखा आला. यंदाच्या पावसाळ्यात तो तरीही पाच-सहा वेळा खाली गेला. फरक एवढाच की पूर्वी मावशी किल्ली कपाटात लपवायची, आता ती दाराजवळच्या खुंटीला असते.